मंगळवार पेठेतलं जुनं घर, अडीच लाख रुपये आणि अडगळीतलं सागवान

सोप्यातली_सून

मंडळी, सल्ला हवाय. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या आजेसासूबाईंचं घर आहे. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं. दगडी जोतं, मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. बरीच वर्षं बंद होतं. आता राजारामपुरीतल्या फ्लॅटचा भाडेकरार संपतोय, त्यामुळं पावसाळ्याच्या आत तिकडं राहायला जायचं ठरलंय. हातात अडीच लाख आहेत. कर्ज काढायचं नाही, यावर आम्हा दोघांचं एकमत आहे (असे विषय थोडेच असतात).

घरात निघालेलं सामान: सागवानी कपाट, त्यावर हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर. वेताची शिसवी आरामखुर्ची, वेत फाटलेला. स्वयंपाकघरातली लाकडी मांडणी. नवारीचा पलंग. माळ्यावर काढून ठेवलेली दोन जुनी दारं. लोखंडी ट्रंका. पायाचं शिलाई मशीन. शिवाय सनमायका लावलेलं एक डुगडुगणारं टेबल, ते कुणाचं हे घरात कुणीच कबूल करत नाही.

एका कंत्राटदारानं बघून सांगितलं, "हे सगळं मी उचलतो, पंधरा हजार देतो, आणि तुम्हाला प्लायवूडमध्ये नवंकोरं करून देतो." पीओपीचं सिलिंगही सुचवलंय. मला जुनं ठेवायचंय, पण सुरुवात कुठून करू कळेना.

उद्यमनगरी

ताई, त्या कंत्राटदाराला म्हणावं, कपाट तू घे आणि आम्हाला तेवढंच सागवान टिंबर मार्केटातनं आणून दे. बघा कसा पळतोय!

पंधरा हजारात नुसतं कपाट पण देऊ नका. फोटो टाका आधी.

जुनं_ते_भंगार

सगळे आता "विकू नका, विकू नका" करणार म्हणून उलटी बाजू मांडतो. सागवान महाग आहे हे खरं, पण मजुरी त्याहून महाग पडते. ऑइलपेंट काढायचा, घासायचं, लांबी (पुट्टी) भरायची, पॉलिश करायचं, हे सगळं सुतार-पॉलिशवाल्याकडनं रोजावर करून घेतलं तर एका कपाटाच्या मजुरीत नवीन लोखंडी कपाट येतं. मोबाईलवरच्या व्हिडिओत तीन मिनिटांत होतं ते. घरात कुणाला हातानं करायची हौस आणि वेळ आहे का, ते आधी सांगा. नसेल तर दोन चांगल्या वस्तू ठेवा, बाकीचं विका. पंधरा हजारात नाही, नीट भाव करून विका.

रंधा_पटाशी

वरच्यांचं नाव भंगार असलं तरी बोलणं भंगार नाही. मी सुतार घराण्यातला, आता स्वतः हत्यार कमी धरतो. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

फर्निचरला हात लावायच्या आधी वर बघा. कौलारू घरात पैसे पहिल्यांदा छपराला. कौलं उतरवून, रिपा आणि वासे तपासून, फुटकी बदलून परत बसवून घ्यायची. शाकारणी उन्हाळ्यातच होते. मे महिन्यात सगळ्या पेठेला एकाच वेळी आठवण होते आणि मग माणूस मिळत नाही, तेव्हा आत्ताच सांगून ठेवा. वाशावर मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवी. वाशाला पटाशीचं टोक टोचून बघा. आत शिरलं तर वासा बदला, वरवरचं असलं तर तासून औषध मारा. सोप्यात उजेड कमी असेल तर दोन-चार काचेची कौलं घाला. पीओपीच्या सिलिंगपेक्षा शंभर पटीनं स्वस्त आणि कामाचं. पीओपी तर कौलाखाली अजिबात नको. वर कौल सरकलं, पाणी आलं, तर सिलिंगवर पिवळा डाग पडेपर्यंत तुम्हाला पत्ता लागणार नाही, आणि तोवर वासा गेलेला असेल.

आता सामान. प्रत्येक वस्तूला हलवून बघा. सांधा सैल आहे की लाकूडच गेलंय, यावर सगळं अवलंबून आहे. सैल सांध्याला खर्च नाही. जुन्या माणसांनी लाकडात लाकूड बसवून पाचर मारलेली असते. पाचर काढायची, जुना सरस खरवडायचा, फेविकॉल लावून शिकंजात आवळून एक रात्र ठेवायचं. तिथं खिळा मारू नका. खिळ्यानं लाकूड चिरतं आणि पुढच्या वेळी सांधा उघडता येत नाही.

लाकडाला बारीक भोकं असतील तर खाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवा. पांढरट भुसा पडला तर किडा जिवंत आहे. नसेल तर ती जुनी भोकं, लांबी भरून विसरा. सागाच्या आतल्या गडद भागाला कीड सहसा लागत नाही, कडेच्या फिकट पट्टीला लागते. त्यामुळं एखादी फळी कडेला खाल्लेली दिसली म्हणून सगळं कपाट टाकून देऊ नका.

सोप्यातली_सून

खूप आभार दादा. काळा कागद आजच ठेवते. वेळ आहे: मी शाळेत शिकवते, एप्रिलच्या शेवटी सुट्टी लागते. सासरेबुवा निवृत्त आहेत आणि त्यांना काहीतरी काम हवंच आहे, सध्या ते माझ्या स्वयंपाकात सुधारणा सुचवतात.

शाहूपुरी_कुंभारगल्ली

आमच्याकडं २०१९ च्या ऑगस्टात पाणी आलं, परत २०२१ च्या जुलैत आलं. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या गल्लीत शाळेतल्या पोराला पण पाठ आहे. तेव्हा फर्निचरबद्दल माझं ज्ञान पुस्तकी नाही.

प्लायवूडचं किचन आणि एमडीएफचं टीव्ही युनिट दोन्ही फुगून फुटलं, थेट कचऱ्याच्या गाडीत. आजोबांची सागवानी पेटी आणि पाट चिखलातनं काढले, स्वच्छ पाण्यानं धुतले, सावलीत वाऱ्यावर वाळवले, अजून वापरात आहेत. उन्हात ठेवलं असतं तर तडकलं असतं. शेजारच्यांनी ठेवलं, त्यांच्या चौरंगाची फळी मधोमध उभी चिरली.

तुमची पेठ उंचावर आहे, पूर येणार नाही. पण आपल्याकडं पावसाळ्यात ओल तरी येतेच. प्लाय घ्यावंच लागलं तर न्हाणी आणि ओट्याखाली ७१० नंबरचा आयएस शिक्का असलेलं, पाण्यात टिकणारं घ्या. ३०३ चा शिक्का असलेलं बाहेरच्या खोलीपुरतं ठीक.

मातीची_भिंत

मी इमारतींच्या कामात आहे, भिंतींबद्दल दोन प्रश्न. आतून सिमेंटचा गिलावा झालाय का? आणि कंत्राटदारानं सोपा-माजघरामधली भिंत पाडून हॉल मोठा करायचं सुचवलंय का?

सोप्यातली_सून

दोन्हींचं उत्तर हो! सिमेंटचा गिलावा खाली तीन-चार फूट आहे, सासऱ्यांच्या तरुणपणी ओल येते म्हणून केलेला. आता ओल त्याच्या वरच्या पट्ट्यात येते.

मातीची_भिंत

तसंच होतं. मातीची भिंत जमिनीतलं पाणी शोषते आणि हवेला सोडते. सिमेंटनं तो मार्ग बंद केला की पाणी सिमेंटच्या मागून वर चढतं आणि जिथं सिमेंट संपतं तिथं बाहेर पडतं. आता कुणी वॉटरप्रूफिंगचा रंग सुचवेल, त्यानं ओल आणखी वर जाईल. सिमेंट हलक्या हातानं ठोकून काढा, भिंत उन्हाळाभर उघडी वाळू द्या, मग चुना-वाळूचा गिलावा, एकास तीन. वर प्लास्टिक पेंट लावू नका, चुन्याची सफेदी करा. चुना आधीच भिजवून मुरवलेला असला तर उत्तम. घरी विरघळवणार असाल तर उकळतो, डोळ्याला चष्मा आणि हातमोजे हवेत, पोरं लांब.

पण याच्याही आधी घराबाहेर फेरी मारा. छपराचं पाणी जोत्याला लागून पडतं का? परड्यात वर्षानुवर्षं माती साठून जमीन जोत्याच्या वर आली आहे का? पन्हळ लावणं आणि जोत्याभोवतीची माती उतरवणं, यातच निम्मी ओल जाते. सर्वात स्वस्त काम हेच, आणि कंत्राटदाराच्या यादीत ते कधीच नसतं कारण त्यात त्याला काही मिळत नाही.

मधली भिंत पाडू नका. तुळईचा भार खांबांवर आहे की भिंतीवर, हे जागेवर बघितल्याशिवाय कुणीही सांगू नये, मीही सांगणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला फी देऊन एकदा दाखवा.

वायरमन_नव्हे_इलेक्ट्रिशियन

वायरिंगवर कुणीच बोललं नाही. बंद घर, जुनी बटनपट्टी, उंदीर. सगळं काढून टाका. दिव्याला दीडची (चौरस मिलिमीटर) वायर, प्लगला अडीचची, गीझरला चारची. अर्थिंग नवीन करा आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. मातीच्या ओल्या भिंतीत हे फार महत्त्वाचं. वायर भिंतीत गाडण्यापेक्षा वरून पट्टीतनं न्या, माती फोडावी लागत नाही आणि पुढं दुरुस्ती सोपी.

नादखुळा_पाटील

घर झाल्यावर तांबडा-पांढरा कधी? 😄

सोप्यातली_सून

@नादखुळा_पाटील, आधी चूल तरी मांडू द्या!

कागदावरचा निकाल: कपाटाखाली काही नाही. मांडणीखाली भुसा पडला. आता ऑइलपेंटचं सांगा. सासरे म्हणतात हीट गन आणू, यजमान म्हणतात ग्राइंडरला घासायची चकती लावू.

रंधा_पटाशी

दोन्ही नको. कारण ऐका. आपल्या देशात घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाखांत नव्वद भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तुमचा हिरवा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. असे जुने ऑइलपेंट शिशाचे असू शकतात. ग्राइंडरनं त्याची धूळ सगळ्या घरात बसणार, हीट गननं धूर नाकात जाणार. घरात लहान मूल असेल तर विषय संपला.

परड्यात खाली प्लास्टिक अंथरा. रंग काढायचं रिमूव्हर मिळतं, ते ब्रशनं जाड लावायचं, रंग सुरकुतला की पत्र्याच्या पट्टीनं ओढायचा. उघड्यावरच, हातमोजे घालून, कारण त्याची वाफही वाईट. उरलेलं पाण्यात भिजवलेल्या वॉटर पेपरनं घासा. निघालेला चोथा पिशवीत बांधा, परड्यात झाडाखाली टाकू नका. जेवायच्या आधी हात-तोंड धुवा.

आणि सगळं काढायलाच हवं का, हाही विचार करा. कपाट आतून रंगवलेलं नसेल तर आत काहीच करू नका. बाहेरूनही रंग घट्ट बसलेला असेल तर ओल्या पेपरनं फक्त चमक घालवा आणि त्यावरच नवा रंग द्या. शंभर वर्षांचं सागवान उघडं पाडून दाखवलंच पाहिजे असा काही नियम नाही. समोरची दोन दारं तेवढी पॉलिशला काढा, बाजू रंगात राहू द्या. मजुरी निम्म्याच्या खाली येते, आणि मला तर दिसायलाही तेच बरं वाटतं.

लाकूड मोकळं झालं की ८० नंबरचा पेपर फक्त खडबडीत जागी, मग १२०, १८०, शेवटी २२०. घासायचं नेहमी रेषेच्या दिशेनं. आडवं घासलं की त्या वेळी दिसत नाही, पॉलिश मारल्यावर प्रत्येक ओरखडा वर येतो.

पॉलिश घरी करायचं तर लाखेचं. लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घाला, गाळा, कापसाची पुरचुंडी सुती कपड्यात बांधून पातळ हात मारा. एक हात वाळला की बारीक पेपर, मग दुसरा. घाई झाली की चट्टे पडतात. पावसाळी हवेत ते पांढरं पडतं, म्हणून हेही मेच्या आत. शिसवी खुर्चीला आधीचं पॉलिश कोणतं हे बघायला मागच्या पायाला कापसानं थोडं स्पिरिट लावा. चिकट झालं तर लाखेचंच आहे, मग जुनं काढायचीही गरज नाही, त्यावरच नवा हात बसतो. जेवणाच्या टेबलाला मात्र लाख नको. गरम पातेलं ठेवलं की गोल उठतो. तिथं पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश मारा.

वेत_आणि_वाकळ

आरामखुर्चीबद्दल: चौकटीला ओळीनं भोकं आहेत की एकच सलग खाच? भोकं असतील तर वेत हातानं विणावा लागतो, वेळखाऊ पण आयुष्यभर टिकतो. खाच असेल तर तयार विणलेली जाळी मिळते, ती भिजवून खाचेत पट्टीनं ठोकायची, हे घरीही जमतं. वेत नुसता सैल असेल तर खालच्या बाजूनं गरम पाण्याचा फडका ठेवा आणि वाळू द्या, ताणला जातो.

पलंगाची नवार फेकू नका. गरम पाण्यात साबण घालून भिजवा, धुवा, पुन्हा ओढून विणा. वर गादीऐवजी वाकळ. उन्हाळ्यात तसली झोप फोमवर लागत नाही. पडद्यांना आणि उशांना इचलकरंजीचं मांजरपाट ताग्यानं आणा, इथल्या दुकानापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. शिवायच्या आधी एकदा धुवून घ्या, आटतं.

जुनं_ते_भंगार

शिलाई मशीनचं काय ठरलं? आता कुणीतरी म्हणणार वरची फळी काढून काचेचं टेबल करा. कॉफी शॉपमध्ये बघून कंटाळा आलाय. मशीन चालत असेल तर मोडू नका. तेल घातलं आणि पट्टा बदलला की बहुतेक मशीनं चालू होतात. तुमचे पडदे त्याच्यावरच शिवून होतील.

उद्यमनगरी

भंगारराव, आज पहिल्यांदा तुमच्याशी पटलं!

आता दारांचं. माझं वर्कशॉप आहे म्हणून सांगतो. दाराचं डायनिंग टेबल करायला खूप लोक येतात. दार सपाट फळ्यांचं असेल तरच करा. खणाचं, नक्षीचं असेल तर वर काच लागते, खणात भाताची शितं अडकतात, आणि आठ मिलिमीटरची काच घातली की टेबल चौघांनाही हलत नाही. नक्षीचं दार पलंगाच्या डोक्याशी आडवं लावा. सपाट दाराला दीड इंची चौकोनी पाइपाचे पाय करा. टेबल जमिनीपासून ३० इंच हवं, दाराची जाडी त्यातनं वजा करून पाय कापायला सांगा. हे सांगायचं राहिलं की खुर्चीत बसल्यावर ताट छातीशी येतं. पायाखाली उंची कमी-जास्त करायचे बूट लावून घ्या, तुमची फरशी शहाबादी असणार, सपाट नसते.

आणि एक आपल्या गावातलीच गंमत. इथं फाउंड्र्या किती आहेत तुम्हाला माहीत आहेच. कास्टिंगसाठी वाळूत साचा उठवायला लाकडी पॅटर्न करतात. बरेचसे सागाचे, आणि करणारा कारागीर मिलिमीटरच्या खाली काम करणारा. पार्ट बंद झाला की पॅटर्न कोपऱ्यात पडून राहतात, कधी जळणात जातात. अर्धगोल, दात्यांची चक्रं, कसले कसले आकार. ओळखीच्या फाउंड्रीत विचारा. मी त्यातल्या एका मोठ्या चक्राचं घड्याळ केलंय आणि एकाचा स्टूल. पुण्याच्या दुकानात असलं काही बघितलं तर किंमत बघूनच बाहेर याल. फक्त पॅटर्नवर पण जुना रंग असतो, वर दादांनी शिशाचं सांगितलंय ते इथं पण लागू.

सोप्यातली_सून

पॅटर्न! मामेसासऱ्यांची फाउंड्री शिरोलीत आहे आणि आम्ही आजवर त्यांच्याकडं फक्त लग्नाची पत्रिका घेऊन गेलो.

सगळ्यांचं वाचून हिशेब परत मांडला. छप्पर आणि पन्हळ सत्तर हजार, वायरिंग पंचावन्न, गिलावा आणि चुना पंचेचाळीस, न्हाणी तीस, फर्निचर सगळं मिळून पस्तीस, हाताशी पंधरा. इंजिनिअरची फी त्या पंधरातून. पीओपी नाही, भिंत पाडणं नाही. ट्रंका घासून रेड ऑक्साइड मारून सोप्यात बसायला. सनमायकाचं टेबल भंगारात, त्यावर कुणीही हक्क सांगितला नाही. मांडणी ठेवायची की नाही यावर घरात दोन पक्ष आहेत.

रंधा_पटाशी

मांडणी ठेवा. बोरिक पावडर आणि बोरॅक्स गरम पाण्यात विरघळवून उघड्या लाकडाला दोन-तीनदा पाजा, मधे वाळू द्या. भोकांत इंजेक्शनच्या सिरिंजनं सोडा. महिनाभर बाकीच्या लाकडापासून लांब ठेवून पुन्हा काळा कागद. भुसा थांबला तर आत घ्या, पण तिच्यावर ताटं-वाट्या नकोत, पुस्तकं ठेवा.

न्हाणीला तीस हजार कमी पडतील. हाताशी ठेवलेले पंधरा तिकडंच जाणार असं धरून चाला.

शाहूपुरी_कुंभारगल्ली

कपाट भिंतीला चिकटवून ठेवू नका, चार बोटं जागा सोडा आणि पायाखाली दगडाच्या चकत्या घाला. ओल लाकडात चढत नाही. पावसाळ्यात ड्रॉवर घट्ट होतात म्हणून लगेच रंधा मारायला सुतार बोलावू नका, सरकपट्टीवर मेणबत्ती घासा. पावसात रंधा मारला तर दिवाळीनंतर तोच ड्रॉवर खुळखुळतो.

सोप्यातली_सून

सासऱ्यांनी मांडणीला शेवटी जवसाचं तेल द्यायचं ठरवलंय, त्यांच्या वडिलांची पद्धत म्हणे. चालेल ना?

रंधा_पटाशी

चालेल. आधी बोरॅक्सचं पाणी पूर्ण वाळू द्या. तेल पातळ लावा आणि अर्ध्या तासानं पुसून घ्या, नाहीतर चिकट राहतं. पुसलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही, आपोआप पेट घेतो. एकेक चिंधी परड्यात दोरीवर सुटी वाळत घाला किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. सासऱ्यांना हे आवर्जून सांगा, वडिलांच्या पद्धतीत हे असतंच, पण बघणाऱ्या पोराच्या लक्षात फक्त तेल राहतं.